छप्पर बदलताय ना, मग जिन्यावरच्या उजेडाचं आधी बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. शिमगा झाला की आमच्या दापोलीकडे छपरांची कामं निघतात, कुणी कौलं उतरवतंय, कुणी पत्रे चढवतंय, कुणाचा स्लॅब गळतो म्हणून वर शेड उभी राहतेय. सध्या आमच्या गावात एका वाडीतच अशी चार कामं चालू आहेत आणि म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय, पाऊस लागल्यावर लिहून काही उपयोग नाही. विषय छोटा वाटेल पण आमच्या घरात त्याने एक हात मोडलाय. माडीचा जिना चढून वर गेलं की खोल्यांच्या दारांमध्ये जी जागा असते, ज्याला आता सगळे लँडिंग म्हणतात, तिथे दिवसाढवळ्या काळोख असतो आणि तो आपणच करून ठेवलेला असतो.

आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं, खाली ओटी पडवी माजघर आणि वर माडी. माडीवर तीन खोल्या आणि मधे लँडिंग, त्याला बाहेरची भिंत फक्त एका टोकाला. सासऱ्यांनी माडी चढवली तेव्हा बरोबर जिन्याच्या तोंडावर छपरात चार काचेची कौलं बसवून घेतली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही, उजेड होता एवढंच. दुपारी बाराच्या सुमारास चार लांबट चौकोन फळ्यांच्या जमिनीवर पडायचे, मुलं लहान असताना त्यात पाय ठेवून उड्या मारायची, आणि पावसात तिथेच दोऱ्या बांधून कपडे वाळत टाकायचे. दिवसा तिथे बल्ब लावायची कुणाला सवयच नव्हती.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर चढलं पण दापोली मंडणगडला पण काय झोडपलं ते सगळ्यांना माहितेय, ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा, आमची वरची कौलं पत्त्यांसारखी उडाली, माड पडले, लाईट तर किती दिवस नव्हती. त्या पावसात कौलं मिळत नव्हती, ताडपत्रीही मिळेना, आणि जे मिळालं ते पत्रे. तेव्हा ते बरोबरच होतं, डोक्यावर काहीतरी पाहिजे होतं. लोखंडी पाइपांची फ्रेम केली, रंगीत पत्रे टाकले. पुढच्या उन्हाळ्यात वर थांबवेना म्हणून खालून पीव्हीसीचं सीलिंग मारलं. म्हणजे वरून पत्रा, खालून सीलिंग, आणि लँडिंगच्या टोकाला जी एक खिडकी होती तिच्यासमोर कपाट आलं कारण दुसरीकडे जागा नव्हती. एवढं सगळं आम्ही एकेक करून केलं आणि प्रत्येक वेळी ते शहाणपणाचंच वाटलं. उजेड गेला हे कुणी बोललं पण नाही, एक बल्ब लावला तो दिवसभर चालू.

मी इथे बिलाचा मुद्दा करत नाहीये. नऊ वॅटचा एलईडी बारा तास रोज लावला तरी वर्षाला चाळीसेक युनिट होतात, तेवढ्याने कुणी बुडत नाही. मुद्दा हा आहे की आपल्याकडे पावसात लाईट जाते, आणि जाते ती नेमकी भरून आलेलं असताना जाते.

जुलैतली गोष्ट. दुपारी तीन वाजता सासूबाई, वय ७४, वरून वाळलेले कपडे घेऊन खाली यायला निघाल्या, हातात कपड्यांचा ढीग, आणि लाईट गेली. त्यांना वाटलं अजून एक पाऊल जागा आहे, ती नव्हती. तीन पायऱ्या खाली जाऊन कठड्याला अडकल्या म्हणून वाचल्या, मनगट मोडलं. मी धावत आले तर म्हणतात, "अगं पायरी दिसलीच नाही गं, सगळं एकसारखं काळं." घर त्यांचं, जिना त्यांच्या पायाखालचा पन्नास वर्षांचा, आणि त्यांना पायरी दिसली नाही.

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोतीबिंदूसाठी गेलो होतो तेव्हा त्यांनी सांगितलं ते मला आधी माहितीच नव्हतं. वय वाढलं की बुबुळामधलं छिद्र लहान राहतं आणि आतलं भिंग पिवळट होत जातं, त्यामुळे साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे मला जिथे "जरा काळोखी आहे" असं वाटतं तिथे त्यांना काहीच दिसत नसतं. आणि उजेडातून काळोखात गेल्यावर डोळा बसायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. आपल्या गावांतून आता घरोघरी म्हातारी माणसंच राहतात, पोरं मुंबई पुण्याला, त्यांच्याच जिन्यावर काळोख ठेवून कसं चालेल.

आता आम्ही काय केलं ते सांगते, चुकांसकट, कारण त्या चुका इथे प्रत्येक जण करतोय.

पहिल्यांदा सोपं म्हणून मधला एक पत्रा काढून तिथे प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा टाकला. ज्याने काम केलं त्याने एका सकाळी करून दिलं, आम्ही खूश, काय उजेड पडला. पण एप्रिल लागला आणि लँडिंगवर उभं राहवेना. छपराची ती बाजू दक्षिणेची होती आणि आपल्याकडे ऊन कुठून येतं याचा विचार ना आम्ही केला ना त्याने. शिवाय दोन वर्षांत तो पत्रा पिवळा पडून चिरा गेल्या. नंतर दुसऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याने दाखवलं की पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे ह्याच प्लास्टिकच्या, बहुतेक शीटला एकाच बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो, वर चिकटवलेल्या फिल्मवर तसं छापलेलं असतं, ती बाजू सूर्याकडे ठेवायची असते. आमची उलटी लागली होती. स्क्रू पण साधे होते, खाऱ्या हवेत गंजून त्या भोकांतून गळायला लागलं. ज्यांना प्लास्टिकचीच शीट टाकायची आहे त्यांनी ह्या दोन गोष्टी उभं राहून बघाव्यात, छापलेली बाजू वर आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे रबरी वॉशर घालून.

त्यानंतर मी हट्टच धरला की आता घाई करायची नाही, आणि आधी जे फुकटात होतंय ते करून बघू. कपाट खिडकीसमोरून हलवलं, ते खोलीत कसंतरी बसलं. तिन्ही दारांच्या वर व्हेंटिलेटर होते, जुन्या काळचे, एसी बसवताना त्यावर प्लायवूड ठोकलेलं, ते पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खोलीचं काढलं आणि तिथे साधी काच बसवली, म्हणजे एसीची हवा पण जात नाही आणि सकाळी पूर्वेच्या खोलीतला, संध्याकाळी पश्चिमेच्या खोलीतला उजेड दार बंद असलं तरी लँडिंगवर येतो. भिंतींना कुणीतरी चॉकलेटी रंग दिला होता कारण हात लागून मळतात, तो काढून पांढरा दिला. पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतो आणि गडद चॉकलेटी जेमतेम दहा वीस टक्के, त्यामुळे एकाच खिडकीतून येणारा उजेड भिंतीवरून भिंतीवर आपटत जिन्यापर्यंत पोचतो की वाटेतच मरतो हे रंगावर ठरतं. आमची आजी दर वर्षी दिवाळीआधी घरभर चुना काढायची त्यामागे स्वच्छतेइतकंच हे पण असणार असं मला आता वाटतं. एवढ्याने निम्मं काम झालं, खरंच. ज्यांना छपराला हात लावायचा नाही त्यांनी निदान हे एका रविवारात करावं.

पण पावसातलं काय. कोकणातल्या घराची पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू, खाली उतरलेली असते, असायलाच पाहिजे, नाहीतर पावसाची झड भिंतीवर येते, आणि त्यामुळे खिडकीतून आकाश दिसतच नाही, दिसतो तो पागोळ्यांचा पडदा आणि समोरची झाडं. जुलैत खिडकीतून उजेड येत नाही याचं आणखी एक कारण माझ्या भाच्याने सांगितलं, तो आर्किटेक्चर शिकतोय. पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखं उजळ नसतं, डोक्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या साधारण तिप्पट उजळ असतं. म्हणजे पावसाळ्यातला सगळा चांगला उजेड वर असतो आणि आपण वरचंच बंद करून ठेवलेलं. मला हे ऐकून सासऱ्यांची ती चार कौलं एकदम आठवली. त्यांना हे आकडे कुणी सांगितले नव्हते, पण त्यांनी भोक बरोबर जागी पाडलं होतं.

ऊन कुठून येतं हे पण भाच्यानेच कागदावर काढून दाखवलं. आपण साधारण पावणेअठरा अक्षांशावर, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या ११-१२ तारखेच्या आसपास आणि परत ऑगस्टच्या अगदी सुरवातीला. त्या मधल्या काळात तो थोडा उत्तरेला असतो, बाकी वर्षभर दुपारी दक्षिणेला. मग उत्तरेच्या पाखीत भोक ठेवलं तर ऊन सगळ्यात थेट येतं ते मे महिन्याच्या आसपासचे थोडे आठवडे, त्यानंतर ढगच असतात. डिसेंबरात तर दुपारचं ऊन त्या पाखीवरून तिरकं निसटून जातं, आत येतो तो नुसता आकाशाचा थंड उजेड. एवढं कळल्यावर पुढचं ठरवायला वेळ लागला नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये उत्तरेची पूर्ण पाखी परत कौलारू केली. पत्रे उतरवून गोठ्याला वापरले. वादळात वाचलेली मंगलोरी कौलं पडवीच्या कोपऱ्यात रचून ठेवली होती आणि त्यांच्या मागे गोणपाटाखाली सासऱ्यांच्या चारातली दोन काचेची कौलं अखंड निघाली. मी ती बाहेर अंगणात आणून चिंच लावून धुतली. जाड, हिरवट झाक असलेली काच, आत बारीक बुडबुडे, आणि कडेला अगदी मातीच्या कौलासारखीच खाच, म्हणजे शेजारच्या कौलात अडकून बसते, वेगळं काही सील लावायला नको. मंगलोरी कौलाचा हा मोठा फायदा आहे, १८६५ साली बासेल मिशन ह्या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून तो साचा टिकून आहे, त्यामुळे आमची जुनी काचेची कौलं नव्या लॉटच्या मातीच्या कौलांत पण बसली. आणखी चार नवीन काचेची मिळवायला मात्र तीन गावं फिरलो. आधी ज्यांना विचारलं ते म्हणाले आता कोण घेतंय, ठेवत नाही आम्ही.

वजनाचं लक्षात ठेवायला लागतं. एक कौल दोन किलोच्या वर, एका चौरस मीटरला पंधराएक कौलं, म्हणजे पत्र्यापेक्षा कितीतरी पट भार. वेल्डरने फ्रेम बघून मधे दोन पाइप वाढवले आणि कौलाच्या मापाने रीपा, म्हणजे कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या, मारल्या, हे न करता कुणी पत्र्याच्या फ्रेमवर कौलं चढवू नयेत. काचेची सहा कौलं तीन तीनच्या दोन ओळीत बरोबर वरच्या शेवटच्या पायरीच्या डोक्यावर घेतली. हिशोब केला तर सहा कौलं म्हणजे अर्धा चौरस मीटर पण होत नाही. आणि तेवढं पुरतं, जास्त नको, जास्त केलंत की उकाडा.

सीलिंगला तिथे भोक पाडलं ते छपरातल्यापेक्षा मोठं ठेवलं आणि मधल्या पोकळीला सिमेंट बोर्डच्या चार बाजू तिरक्या, खाली रुंद होत जाणाऱ्या मारल्या, आतून पांढऱ्या. सुतारदादा आधी सरळ खोक्यासारखं करत होते, म्हटलं नको, सरळ केलं की उजेड विहिरीत पडल्यासारखा खाली एकाच ठिकाणी पडतो, तिरकं केलं की पसरतो. सोसाट्याच्या पावसात कौलांच्या फटीतून बारीक तुषार येतात हे माहीत होतं म्हणून खालच्या तोंडाला लाकडी चौकटीत एक काच ठेवलीय, चार आकड्यांवर अडकवलेली, काढून पुसता येते. ती काच लॅमिनेटेड घ्या असं मी सगळ्यांना सांगते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, फुटली तरी तुकडे डोक्यावर पडत नाहीत, जागच्या जागी चिकटून राहतात. आपल्याकडे छपरावर वांदर उड्या मारतात, माडाची झावळी पडते, कधी नारळ पडतो, हे सगळं धरूनच चालायचं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही लँडिंगवर दिवसा एकदाही बल्ब लावला नाही. जुलैत भर पावसात दुपारी चार वाजता सासूबाई तिथे खुर्ची टाकून कुळीथ निवडत होत्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेची सावली दिसते, आणि पायरी कळायला तीच लागते.

ज्यांचं घर कौलारू नाही त्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये, उलट स्लॅबच्या बंगल्यांत मी जास्त काळोख बघितलाय. नकाशात तीन बेडरूम कोपऱ्यांना खिडक्यांसकट मस्त काढलेल्या असतात आणि मधे जे उरतं ते लँडिंग, बंद दारं आणि एक बल्ब. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दमट उष्ण हवामानात राहत्या खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश एवढं खिडक्यांचं क्षेत्र असावं असं दिलंय, पण लँडिंगला कोण राहती खोली समजतो. स्लॅबवर जिन्याची जी खोली येते तिला उत्तरेकडे उंचावर खिडकी ठेवली तर सगळा जिना खालपर्यंत उजळतो. बऱ्याच घरांना ती असतेही, पण स्लॅब गळायला लागला की वर पत्र्याची शेड येते आणि ती खिडकी शेडच्या पोटात जाते. शेड करताय तर त्या खिडकीच्या समोरचे दोन पत्रे पारदर्शक टाका, एवढं तरी फॅब्रिकेशनवाल्याला आधी सांगा, नंतर तो परत येत नाही.

ज्यांना एवढा खर्चही झेपत नाही त्यांच्यासाठी एक सांगते. ब्राझीलमधल्या आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ साली दोन लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून पत्र्यात अर्धी वर अर्धी खाली बसवली, पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून थोडं ब्लीच घातलं. उन्हात ती बाटली ४० ते ६० वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड देते, कारण पाणी उजेड वाकवून चारी दिशांना टाकतं. आमच्या शेजारच्या मुलाने मोबाईलवर बघून गोठ्यात अशा दोन बसवल्यात, भोकाभोवती सिलिकॉन नीट भरलंय, दोन पावसाळे गळल्या नाहीत. पत्र्याखालच्या जिन्याला पण हे चालेल. ढगाळ दिवशी उजेड कमी पडतो, पण पायरी दिसते.

माझी आपल्या पेपरमार्फत तीन जणांना विनंती आहे. कौलं विकणाऱ्यांनी निदान पन्नास काचेची कौलं शिमग्याआधी ठेवावीत, मागणी नाही म्हणून ठेवत नाही आणि ठेवत नाहीत म्हणून लोक मागत नाहीत असं झालंय. नकाशा काढणाऱ्या इंजिनियर लोकांनी घरमालकाला एकदा विचारावं की दिवसा लाईट नसताना ह्या जागेत काय दिसणार. आणि चाकरमान्यांना, जे गावचं घर फोनवरून बांधून घेतात, त्यांनी पुढच्या वेळी आलात की सगळ्या खोल्यांची दारं लावून, बल्ब बंद करून, दुपारी जिन्याच्या वरच्या पायरीवर एकदा उभं राहून बघा. वर राहणारे तुमचे आईवडील आहेत.

आपल्या घर-बांधकामाच्या पानावर हा विषय कधीतरी घेतलात तर फार बरं होईल, फोटो हवे असतील तर आमच्याकडचे पाठवते. काचेची कौलं साफ करायचा प्रश्न मला बरेच जण विचारतात म्हणून शेवटी तेवढं लिहिते, मेच्या शेवटी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, खालची काच काढायची, वर चढायला माणूस असला तर ओल्या फडक्याने शेवाळ आणि खारी धूळ पुसायची, साबण पण लागत नाही.

आपली,
एक वाचक, दापोली तालुका